सुटका संध्याकाळी होते

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाच्या फाटकाशी एक पेटी आहे. जामीन मंजूर झाला, हमी भरली आणि कोर्टाने सुटकेचा हुकूम काढला की तो कागद या पेटीत पडतो. पेटी दिवसातून ठरावीक वेळा उघडते, शेवटची संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला. त्यानंतर कागद पडला तर तो रात्रभर पेटीत आणि माणूस रात्रभर बराकीत. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये एका नामांकित नटाच्या मुलाची सुटका अशीच एका रात्रीने लांबली, तेव्हा ही पेटी देशभरच्या वाहिन्यांवर झळकली. त्याआधी कितीतरी राजू, सलीम, बाळू तिच्यामुळे एकेक रात्र जास्त आत राहिले असतील, पण त्यांच्यासाठी कॅमेरा आला नव्हता.

कागद वेळेत आला तरी तो आत जाऊन फिरतो. नाव, बापाचं नाव, पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, कोर्टाचा केस नंबर हे सगळं तुरुंगाच्या नोंदवहीशी जुळावं लागतं. फिर्यादीत ‘राजू’ आणि हुकमात ‘राजेंद्र’ असेल तर कागद दुरुस्तीला परत. दुसऱ्या कोर्टाचं एखादं जुनं प्रॉडक्शन वॉरंट, म्हणजे कैद्याला आपल्यापुढे हजर करण्याचा हुकूम, नावावर असेल तर सुटका नाही, मग ती केस आठ वर्षांपूर्वी मिटलेली का असेना. मिटल्याचा कागद तुरुंगात पोचला नसेल तर ती जिवंतच असते. हे सगळं निस्तरलं की अंगझडती, जमा केलेली घड्याळ-पाकिटं परत, खात्यातली शिल्लक, अंगठा, सही. जामिनावरचा माणूस फाटकाबाहेर येतो तेव्हा म्हणूनच बहुधा दिवेलागण झालेली असते. गावाकडची शेवटची एस.टी. निघून गेलेली. खिशात थोडे पैसे, हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि बंद पडलेला मोबाईल.

तुरुंग सुधारणा म्हटलं की आपल्यापुढे दुसरीच चित्रं येतात. योगासनं, भजनस्पर्धा, राखीपौर्णिमेला राख्या बांधणाऱ्या संस्था, अधीक्षकांसोबतचा फोटो. मी त्यांना हसत नाही. कोंदट बराकीत तासभर भजन हीसुद्धा चैन आहे. पण माणूस परत समाजात जातो की परत आत येतो, हे भजनावर ठरत नाही. ते ठरतं त्या संध्याकाळच्या साडेसातपासून पुढच्या काही आठवड्यांत, आणि बरंचसं कागदांवर.

आधी आत कोण आहे ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ ला देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही, एवढीच माणसं ठेवली तरी देशातले सगळे तुरुंग जवळपास काठोकाठ भरतात. शिक्षा झालेल्यांसाठी मग जागा उरते जेमतेम दोन हजार.

आणि पुनर्वसनाच्या बहुतेक योजना आहेत त्या शिक्षा झालेल्यांसाठी. कच्च्या कैद्याला सक्तमजुरी नाही, त्यामुळे कारखान्यातलं नियमित काम नाही आणि मजुरीही नाही. त्याला माफी, म्हणजे शिक्षेत सूट, नाही, घरी जायची संचित रजा नाही, खुल्या कारागृहाचा विचारच नाही. चारातले तीन जण या सगळ्याच्या बाहेर. ते फक्त वाट पाहतात. दोन वर्षं, तीन वर्षं नुसती वाट पाहून निर्दोष सुटलेल्या माणसाला पुनर्वसनाची गरज नसते असं आपली व्यवस्था धरून चालते, कारण तो गुन्हेगार नव्हताच! त्याची नोकरी, खोली, बायकोचा विश्वास जाताना मात्र तो निर्दोष आहे हे कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून मला वाटतं, सुधारणेची सुरुवात जामीनदारापासून करावी. कोर्ट म्हणतं, ‘पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार.’ जातमुचलका म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी. ऐकायला सोपं. जामीनदाराला लागतं आधार, रेशनकार्ड, पगाराची स्लिप किंवा घरपट्टीची पावती, गावाकडचा असेल तर सातबारा, आणि पुष्कळदा तहसीलदाराचा ऐपतदारीचा दाखला. भाड्याच्या खोलीत राहून नाक्यावर काम मिळवणाऱ्याच्या ओळखीत असा माणूस नसतो. असला तरी दाखल्यासाठी दोन दिवसांचा रोज बुडवायला तो तयार नसतो. मग कोर्टाच्या आवारात घुटमळणारे भाड्याचे जामीनदार येतात. एकच रेशनकार्ड दहा जणांना लावलेलं. ते उघडकीला आलं की जामीनदारही आत आणि ज्याच्यासाठी उभा राहिला तोही पुन्हा आत.

१९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मोती राम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण आलं होतं. जामीन वरच्या कोर्टाने दिला होता. खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हे चालणार नाही असं स्पष्ट लिहिलं. त्याला जवळपास पन्नास वर्षं झाली. ‘जामीनदार लोकल आणा’ हे वाक्य आजही कोर्टांच्या व्हरांड्यात ऐकू येतं.

यावर उपाय आहेत, आणि ते वापरायची रीत ठाऊक असायला हवी. पहिला, रोख जामिनाचा अर्ज: जामीनदार आणायला काही आठवड्यांची मुदत मागून तोवर रक्कम रोख भरायची. दुसरा, जामिनाची अटच सैल करून घेणं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला दिलेल्या निर्देशांत हे पायरीपायरीने आलंय. जामिनाचा हुकूम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकांकडे जावा. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. महिनाभरात हमी भरली गेली नाही तर कोर्टाने आपण होऊन अट बदलण्याचा विचार करावा. यातली सात दिवसांची पायरी सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात जास्त निसटणारी. कारण जामीन मिळालाय हे खुद्द कैद्यालाच माहीत नसतं. वकील सरकारी, तारखेला हजेरी व्हिडिओवरून, आवाज तुटक. ‘साहेब काय म्हणाले?’ असं विचारेपर्यंत पडद्यावर पुढचा माणूस.

केंद्राने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना काढली. तेव्हा ठरलेली मदत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत. दंडाचा भाग महत्त्वाचा आहे, कारण शिक्षा भोगून झाल्यावरही केवळ दंडाचे पैसे नाहीत म्हणून माणसं आणखी काही महिने आत काढतात. पण या योजनेतून पैसे मिळतात, जामीनदार मिळत नाही. कोर्टाचा हुकूम जामीनदार मागत असेल तर आधी तो बदलून रोख करून घ्यावा लागतो. त्या चार ओळींच्या अर्जावाचून मंजूर पैसेही पडून राहतात.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ वं कलमही असंच आहे. पहिल्यांदाच आरोपी असलेल्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं, इतरांना निम्म्या काळानंतर. घरातल्या चोरीला कमाल सात वर्षं. म्हणजे पहिलटकराला २८ महिने, बाकीच्यांना साडेतीन वर्षं. हा हिशेब करून कोर्टाला लेखी कळवण्याची जबाबदारी कायद्याने थेट अधीक्षकांवर टाकलीय. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या खटल्यांनाही लागू केलं. मेख आहे ती पोटकलमात: एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले चालू असतील तर हा लाभ नाही. मोबाईल चोरताना पकडलेल्या पोराच्या नावावर त्याच गल्लीतल्या आणखी तीन चोऱ्या टाकल्या की तो या दारातून बाहेर येत नाही. जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यांना तर हे कलम लागूच नाही.

आता पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यांकडे. ‘खडी फोडायला गेला’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत अजून आहे, तुरुंगात मात्र खडी उरली नाही. येरवड्यात सतरंज्या आणि लाकडी सामान होतं, नाशिक रोडला गणेशमूर्ती होतात, ठिकठिकाणी शिवण, बेकरी, लोहारकाम, शेती. मजुरी अलीकडच्या वर्षांत दिवसाला साधारण ५० ते १०० रुपयांच्या दरम्यान. दिवसाचे ७० धरले तर २६ दिवसांचे १,८२० रुपये. यातून तो कँटीनमधून साबण घेतो, घरी मनीऑर्डर करतो. मजुरी ही कैद्यावर केलेली मेहेरबानी नव्हे, त्याच्या कामाचा न्याय्य मोबदला असावा आणि तिचा काही भाग पीडितासाठी बाजूला काढावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितलंय. त्यातलं ‘बाजूला काढावा’ एवढंच आपल्याकडे चटकन उचललं जातं.

या मजुरीच्या जोरावर महाराष्ट्रात २०२२ मध्ये एक चांगली गोष्ट झाली. राज्य सहकारी बँकेने १ मेपासून येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. ५० हजारांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याज, फेड मजुरीतून, तारण नाही. रक्कम लहान आहे. पण मुलीच्या कॉलेजची फी, आईचं ऑपरेशन किंवा वकिलाचे पैसे बापाच्या नावावर निघतात, तेव्हा घरात त्याचं नाव पुन्हा कर्त्या माणसांत येतं. आत असलेल्या माणसाचं पहिलं मरण हेच असतं की घर त्याच्यावाचून चालायला शिकतं. घराने ते शिकावंच, इलाज नसतो. पण मग परतणाऱ्याला पाय ठेवायला जागा राहत नाही. आधी महिना पाच टक्क्यांनी सावकारी करणारे भाऊबंद आणि मग तुरुंगातून ७ टक्के वार्षिक व्याजाचं कर्ज, हा फरक बायकांना पटकन कळतो.

शिकवल्या जाणाऱ्या धंद्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. हातमाग सुंदर आहे, पण सुटून लातूरला किंवा भिवंडीला जाणाऱ्याला हातमागावर कोण बसवणार? शिवण शिकवायची तर पायाने चालवायच्या मशीनवर शिकून उपयोग नाही; बाहेरच्या कारखान्यात विजेवरचं जुकी मशीन आहे, ती वेगाने पळते, पहिल्या दिवशीच बोटात सुई जाते. दुचाकी दुरुस्ती, घरातलं वायरिंग, नळजोडणी, एसी-फ्रिजची दुरुस्ती हे धंदे गावातही चालतात, हत्यारांची एक पेटी असली की स्वतःचे स्वतः करता येतात, आणि त्यात कोणी चारित्र्याचा दाखला मागत नाही. प्रमाणपत्राचंही एक बघायला हवं: त्यावर तुरुंगाचं नाव छापलेलं नसावं. आय.टी.आय.चं किंवा मुक्त विद्यापीठाचं साधं प्रमाणपत्र कामाला येतं. मध्यवर्ती कारागृहाच्या शिक्क्याचं प्रमाणपत्र म्हणजे मालकाच्या हातात आपण होऊन दिलेली कुंडलीच.

बाहेर राहायचा सराव व्हायला हवा तो रजेतून. आपल्याकडे रजा दोन प्रकारच्या. संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. दोन्ही १९५९ च्या नियमांनी चालतात. फर्लोसाठी वेगळं कारण द्यावं लागत नाही आणि तो काळ शिक्षेत धरला जातो. पॅरोल आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणांसाठी आणि तो काळ शिक्षेत मोजत नाहीत. लोकांना दोन्ही म्हणजे ‘तुरुंगातून सुट्टी’ वाटते आणि बड्या कैद्यांच्या रजांच्या बातम्यांनी चीड येते. तीही समजू शकते. पण साध्या कैद्याची रजा कशी अडते ते पाहण्यासारखं आहे. अर्ज तुरुंगातून निघतो, चौकशीसाठी गावच्या पोलीस ठाण्यात जातो, हवालदार घरी येतो, शेजाऱ्यांचे आणि फिर्यादीच्या घरच्यांचे जबाब घेतो, आणि अहवाल वर पाठवतो. ‘शांतता व सुव्यवस्थेचा भंग होण्याची शक्यता’ हे त्यातलं ठरलेलं वाक्य. खरोखर धोका असला तरी तेच आणि नसला तरी तेच. उच्च न्यायालयात गेलं तर असं मोघम कारण पुष्कळदा टिकत नाही, पण तिथवर जातो कोण. शिवाय रजेला घरचा जामीनदार लागतो. आई-बाप गेले, भावाने सही करायचं नाकारलं, की वागणूक कितीही चांगली असो, रजा संपली.

आणि हीच रजा न मिळालेला माणूस बारा-चौदा वर्षांनी एकदम बाहेर येतो. तो आत गेला तेव्हा खिशात नोटा होत्या. आता भाजीवालीच्या हातगाडीवरही क्यूआर कोड टांगलेला. वर्षाकाठी तीन-चार आठवडे घरी आलेला माणूस हे हळूहळू शिकतो: पोरगी दहावीत आहे, बायकोने कर्ज कोणाकडून घेतलंय, कुठल्या घरावरून जाताना मान खाली घालायची. ज्याचा खून झाला त्याचं घर पुष्कळदा त्याच वाडीत असतं. पहिली भेट रजेत, पोलिसांना माहीत असताना झालेली बरी.

बाहेर राहायला शिकवण्याचा महाराष्ट्राचा सगळ्यात जुना आणि धीट प्रयोग आटपाडीजवळ आहे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. १९३९ साली पंतप्रतिनिधींच्या राजवटीत, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडहून आलेल्या इंजिनीअरच्या पुढाकाराने, स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. भिंत नाही. माणदेशाचा कोरडा माळ, शेती, आणि बायको-मुलांसह राहणारे कैदी. व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा गाजलेला चित्रपट केला तो यावरूनच, आणि त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. माडगूळ त्याच तालुक्यातलं. सिनेमामुळे आपल्याला एक भला जेलर आणि त्याच्या नजरेत बांधले गेलेले कैदी एवढंच आठवतं. वसाहत मात्र अशा एका नजरेवर इतकी वर्षं चालणं शक्य नव्हतं. ती चालली कारण बायका-पोरं तिथेच आहेत आणि शेत आहे. पळून जाणाऱ्याला ते सोडून जावं लागतं. भिंतीपेक्षा उभं पीक जास्त माणूस धरून ठेवतं, हे फ्रीडमनसारख्या परक्या माणसाला दिसलं आणि आपल्या खात्याला ऐंशी वर्षांत त्याची दुसरी, तिसरी, दहावी आवृत्ती काढता आली नाही.

खुली कारागृहं आहेत. येरवडा, पैठण, मोर्शी, विसापूर. तिथे पहारा कमी, खर्च कमी, माफी जास्त. पण निवड होते ती शिक्षेचा बराच काळ बंद तुरुंगात काढलेल्यांची, आणि कुटुंब बरोबर नसतं. राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून वेगळी रीत आहे. कैदी कुटुंबासह राहतो, सकाळी जयपूर शहरात कामाला जातो, स्वतःच्या कमाईवर घर चालवतो, संध्याकाळी हजेरीला परत. तुरुंग त्याला जेवण देत नाही, तो स्वतः किराणा भरतो. तो बाहेर पडतो तेव्हा त्याच्याकडे नोकरी आधीच असते. आपल्याकडच्या शंभर व्यवसाय-प्रशिक्षणांपेक्षा ही एक गोष्ट मला मोठी वाटते.

अर्थात सगळ्यांना तुरुंगात पाठवायलाच हवं का, हा प्रश्न याच्याही आधीचा. १९५८ चा परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा सांगतो की २१ वर्षांखालच्याला, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर, कैद द्यायची असेल तेव्हा कोर्टाने कारणं लिहावीत. एरवी चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडावं. त्याच कायद्याचं बारावं कलम म्हणतं की अशा रीतीने सुटलेल्याला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू होऊ नये. एवढं चांगलं कलम हाताशी असून वकील ते मागायचं विसरतात आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायला कोर्टाला वेळ नसतो. भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेत पाच हजारांच्या आतल्या पहिल्या चोरीला, माल परत केला तर, सामुदायिक सेवा ही शिक्षा आलीय. ती कुठे, किती तास, कोणाच्या देखरेखीखाली करायची, याची नीट घडी बसली तरच ते कलम पुस्तकाबाहेर येईल.

पुन्हा फाटकाबाहेर येऊ. साडेसात वाजलेत. मोबाईलचं सिम ९० दिवसांत बंद पडलेलं असतं आणि तो नंबर कदाचित दुसऱ्या कोणाला गेलेला. आधारला तोच नंबर, बँकेला तोच. ओटीपी परक्या माणसाच्या फोनवर जातो. बँक खात्यात दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून ते निष्क्रिय. ते उघडायला केवायसी, केवायसीला पत्ता, पत्त्याला रेशनकार्ड, आणि रेशनकार्डावर घरातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी लागतं, जे हा आत असल्यामुळे झालेलंच नाही. म्हणून क्रम उलटा लावावा लागतो: सुटण्याआधी महिनाभर आतच आधार अद्ययावत करणं, नंबर घरच्या माणसाचा लावणं, बाहेर येताच आधी आधार, मग बँक, मग रेशन. सुटकेच्या दिवशी हातात तुरुंगाचा दाखला असतो, तो पत्त्याचा पुरावा म्हणून कोणी धरत नाही. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांत काम करतोय. समाजसेवकांचा दिवस पुष्कळदा याच कागदांत जातो. समुपदेशन त्यानंतर.

औषधांचंही तसंच. गर्दीच्या बराकीत क्षय पसरतो. त्याचा साधा उपचार सहा महिन्यांचा. चौथ्या महिन्यात जामीन झाला आणि हातात गोळ्या दिल्या नाहीत, ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर गावच्या केंद्राकडे नोंद वळवली नाही, तर उपचार तुटतो आणि पुढचा क्षय औषधांना दाद न देणारा होऊ शकतो. घरातल्या लहान मुलाला तो लागला तर त्याची नोंद कुठल्याच तुरुंगाच्या वहीत होत नाही. मानसिक आजाराच्या गोळ्यांचीही गत तीच. त्या अचानक बंद झालेल्या माणसाच्या वागण्यावरून घरचे म्हणतात, तुरुंगाने डोकं फिरवलं.

बाईची गोष्ट आणखी वेगळी. पुरुष सुटला की आई किंवा बायको फाटकाशी येते. बाई सुटते तेव्हा फाटकाशी बहुतेक वेळा कोणी नसतं. तिचं मूल सहा वर्षांचं होईपर्यंत तिच्याजवळ आत राहू शकतं, नंतर नातेवाइकाकडे किंवा बालगृहात जातं. नवऱ्याने दुसरा संसार मांडलेला, सासरचं दार बंद, माहेरी भावजयीला भीती. तिला आधी हवी असते रात्रीची सुरक्षित जागा, मग मुलाचा ताबा, मग काम. हा क्रम चुकला, काम आधी दिलं, की ती मुलाच्या मागे धावताना काम सोडते आणि आपण लिहितो, ‘प्रतिसाद नाही.’

आणि पारध्यांचं काय करायचं? १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण सोलापुरात ज्या तारेच्या कुंपणात त्यांना कोंडलं जायचं त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. या माणसाला ‘समाजात परत’ न्यायचं म्हणजे कुठे? तो समाजात कधी होताच कुठे. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला, जातीवरून झाडलोट आणि स्वयंपाक वाटून देणारे नियम रद्द केले. रकाना जाईल. घरफोडी झाली की पहाटे पालावर येणारी जीप त्या रकान्यावर चालत नव्हती.

सुटलेल्या कोणाहीबाबत पोलिसांची सवय जाता जात नाही. गणपती जवळ आले, निवडणूक लागली, की ठाण्यातून बोलावणं येतं. चॅप्टर केस होते. कलम पूर्वी ११० होतं, आता १२९ आहे. चांगल्या वागणुकीचं बंधपत्र लिहून द्या, नाहीतर आत. कधी दोन जिल्ह्यांतून तडीपारीची नोटीस. पोलिसांची बाजू मला कळते: दंगल झाली तर जाब त्यांनाच द्यायचा असतो, आणि यादीतल्यांना आधी बोलावलं होतं हे दाखवता यायला हवं. पण तीन वर्षं वडापावची गाडी चालवणाऱ्याला आणि परवाच सुटलेल्या टोळीवाल्याला एकच यादी लागते. यादीत नाव घालायची पद्धत आहे, काढायची नाही.

यात सगळ्यात लहान, आणि म्हणून सहज सोडवता येईल अशी गोष्ट म्हणजे हजेरी. जामिनाच्या हुकमात बहुधा एक अट असते: दर सोमवारी सकाळी ११ ते २ या वेळात पोलीस ठाण्यात हजर राहावे. नाक्यावर मुकादम माणसं निवडतो ती आठ वाजता. जो आठवड्याला एक दिवस बुडवणार त्याला तो घेत नाही. दोन ठाण्यांच्या दोन केसेस असतील तर दोन दिवस. सोमवारचा रोज गेला की मंगळवारीही नंबर लागत नाही. हजेरी रविवारी सकाळी किंवा संध्याकाळी सातनंतर ठेवावी, असा अर्ज करता येतो. त्याला कागद लागतो एक, कारण लिहायला दोन ओळी, आणि मुकादमाचं साधं पत्र जोडलं तर काम आणखी सोपं होतं. अनेक कोर्टं तो मंजूर करतात. फक्त तो करता येतो हे सोमवारी अकरा वाजता ठाण्याच्या बाकावर बसलेल्याला कोणीतरी सांगायला हवं.